ब्रेकात करडईचं तेल

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी मुरूमहून उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, शिक्षिकेच्या इंटरव्ह्यूला निघाले होते. ही नोकरी हुकली की मामानं आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात ठरून बसलेलं... आणि ते स्थळ मला काडीचं पसंत नव्हतं!

एसटीनं गेले असते तर काही झालं नसतं. पण आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, नुकतीच एक जुनी जीप घेतलेली. दुष्काळी कामांवरच्या एका कंत्राटदाराकडं राबून राबून पार खिळखिळी झालेली. "लेक मास्तरीण व्हायला चाललीय, यष्टीत लोंबकळत जाणार व्हय?" म्हणाले. झालं... विषय संपला.

आप्पा सोसायटीच्या तेलघाण्यावर कामाला. तेल पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. तळहातावर थेंब घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, की निकाल! लग्नाकार्याचं तेल लोक आधी आप्पांना दाखवायचे आणि मगच घरी न्यायचे.

तर आदल्या आठवड्यात जीपचा ब्रेक पार खाली जायला लागला. आप्पांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीतला थेंब तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. काळंकुट्ट, करपट वासाचं. "खवट झालंय, बदलाय पायजे," निकाल दिला. आणि निकाल अगदी बरोबर होता बरं का! घोटाळा पुढं झाला.

गावात ब्रेक ऑइल मिळेना. मग आप्पांनी जुनं सगळं काढून टाकलं आणि घाण्यावरून ताजं गाळलेलं करडईचं तेल आणून त्यात ओतलं. आई म्हणाली, "अवो, खायचं त्याल गाडीला चालतंय का?" तर म्हणाले, "बाजारातल्या डब्यातलं कवाचं असंल कुणाला ठावं. ह्ये कसं, डोळ्यासमूर काढलेलं!"

आणि गंमत म्हणजे ब्रेक लागला की हो! चार दिवस आप्पा गावभर जीप मिरवत फिरले. त्या तेलानं आतले रबर हळूहळू फुगतायत, हे आम्हाला कुठं ठाऊक...

इंटरव्ह्यूच्या दिवशी आप्पा, आई आणि मी निघालो तशी जीप जड चालायला लागली. नळदुर्गच्या अलीकडं तर भज्यांचा वास यायला लागला. "ढाब्यावर गरम भजी काढत्यात. येताना खाऊ," आप्पा खुशीत. ढाबा मागं गेला, वास काही जाईना. थोड्या वेळानं जीप आपली आपणच थांबली. लोकांच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, आमचे सुटेनात!

पुढच्या चाकातून धूर निघत होता. आई खाली उतरली, वाकून वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भजी कुठली आलीत... आपलंच त्याल तापलंय!"

मी तिथंच दगडावर बसून रडायला लागले. चांगली भोकाड पसरून रडले. मामाचं स्थळ हार घेऊन समोर उभं असल्यासारखं वाटत होतं.

एका ट्रकवाल्याला दया आली. त्यानं नळदुर्गातून एका मिस्त्रीचाचांना सामानासकट आणून सोडलं. चाचांनी चाकामागचा नट सैल केला, तेल उडालं, त्यांनी बोटाला लावून वास घेतला. "ये कौन डाले जी?"

"आधीच्या मालकानं," आप्पा ठणकावून म्हणाले.

"पन ये तो ताजा है..."

"ताजं असणारच की, आमच्याच घाण्याचं हाय!" आई म्हणाली. आप्पा लांब जाऊन रस्त्यावरची वाहनं बघत उभे राहिले.

चाचांनी फुगलेले रबर काढून नवे बसवले, नळ्या धुतल्या आणि खरं ब्रेक ऑइल ओतलं. तोवर आई ब्रेक ऑइलच्या डबीपाशी राखणीला, आप्पांनी परत काही ओतू नये म्हणून. मग नळ्यांतली हवा काढायची... चाचा चाकाशी आणि ब्रेकवर मी, इस्त्रीच्या साडीत. ते ओरडायचे, "मारो, मारो... अब पकडो!" पॅडलच्या जागी मामाचं स्थळ धरलं, त्यामुळं जोर झकास आला.

पोचले तेव्हा शिपाई दार ओढून घेत होता. आत समितीतले साहेब लोक दमलेले, भुकेलेले. त्यातल्या एकानं नाक वर करून विचारलं, "इथं भजी कोण तळतंय?"

"साहेब, वास माझाच आहे," मी म्हणाले, आणि सगळी हकिकत सांगितली. हसून हसून एकाला ठसका लागला. मग दुसरे म्हणाले, "हेच आता चौथीच्या पोरांना समजेल असं सांगा. नेमकं चुकलं काय?"

मी उभी राहिले आणि शिकवलं. जुनं तेल ओळखलं, ते आप्पांचं बरोबर. पण रोग ओळखला म्हणून घरातलं कुठलंही औषध चालत नाही, रबराला सोसेल तेच तेल घालायचं. घंटाभर रडून घसा बसला होता, तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असता.

ऑर्डर आली! मामा रुसला, ते स्थळ दुसरीकडं जमलं. आप्पा मात्र पुढं जन्मभर येईल त्याला सांगत राहिले, "आमच्या शोभाची नोकरी म्या घातलेल्या त्यालानं लागली." आई कपाळाला हात लावायची. लोक हसायचे.

मी कधीच हसले नाही. आप्पांनी त्या दिवशी योग्य तेल घातलं असतं, तर मी वेळेवर पोचले असते... आणि बाकीच्या मुलींसारखी पाठ केलेली उत्तरं देऊन घरी परत आले असते.