मामूंची शुगर

कुणी चहाचा कप पुढे केला की मामू तो दोन बोटांनी परत सरकवायचे आणि म्हणायचे, "मला शुगर हाय." शुगर खरीच होती. मला पक्कं माहीत, कारण त्यांच्या गोळ्या माझ्याच मेडिकलमधून जायच्या. पण शुगरचा एवढा फायदा करून घेणारा दुसरा पेशंट मी पाहिला नाही. बाकीच्यांना शुगर त्रास देते. मामू शुगरच्या जोरावर बाकीच्यांना त्रास द्यायचे.

मामू म्हणजे आमच्या कळंब संघाचे कारभारी, कोच, सिलेक्टर आणि वाहतूक विभाग. धंदा पावाचा. सकाळी नेरळच्या बेकरीतून पाव, खारी, टोस्ट टेंपोत भरायचे आणि पोशीर, कळंब करत रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचवायचे. त्यांनी स्वतः कधी बॅट हातात धरल्याचा एकही साक्षीदार सापडलेला नाही. विचारलं तर म्हणायचे, "पाव विकणारा पाव भाजतो का रं?"

आमच्याकडे भात कापून शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. धसकटं काढायची, रोलर फिरवायचा, बांध म्हणजे बाउंड्री. तालुक्याच्या लीगमध्ये सगळ्या गावांचे खेळाडू एकत्र करून वाटून घेतात. संघांचे कारभारी पोशीरच्या समाजमंदिरात गोल करून बसतात, चिठ्ठीने नंबर लागतो आणि आपापल्या पाळीला एकेकाने एकेक नाव उचलायचं. लहानपणी आम्ही याला भिडू पाडणं म्हणायचो. आता ते यूट्यूबवर लाइव्ह दिसतं म्हणून पोरं ड्राफ्ट म्हणतात. मामू शेवटपर्यंत भिडू पाडणंच म्हणाले.

नावं उचलून झाली की पहिल्या मॅचपर्यंत अदलाबदल चालते. तुमचा बॅट्समन आम्हाला, आमचा बोलर तुम्हाला. त्याला कागद नाही, सही नाही. दोन्ही कारभाऱ्यांनी समोरासमोर बसून चहा प्यायला की सौदा पक्का. एक घोट पोटात गेला की माघार नाही. मामूंची शुगर कामाला यायची ती इथे. ते समोरच्याशी मनसोक्त घासाघीस करायचे, त्याच्या पैशाने कांदाभजी खायचे, कुणाचा खांदा दुखतोय आणि कुणाचं कॅप्टनशी पटत नाही ही सगळी माहिती काढून घ्यायचे. शेवटी चहा आला की कप सरकवायचे. "मला शुगर हाय." सौदा मोडला तर मोडला, आजारी माणसाला दोष कोण देणार?

मामूंची इच्छा एकच होती. लीगचा चषक एकदा कळंबला यावा आणि तो आपल्या टेंपोतून यावा. टेंपोच्या डॅशबोर्डवर त्यांनी मखमलीची एक हिरवी गोल गादी चिकटवून ठेवली होती, बरोबर चषकाच्या बुडाच्या मापाची. माप कुठून मिळालं? दरवर्षी दुसऱ्याच कुणाला तरी बक्षीस देताना मामू कौतुकाने स्टेजजवळ जायचे आणि हळूच चषकाला वीत लावून यायचे. त्या गादीवर मोबाइल ठेवायची कुणाची टाप नव्हती. एकदा मी बसताना तिच्यावर पाण्याची बाटली टेकवली, तर मला अर्ध्या रस्त्यात उतरायला लावतात की काय असं वाटलं.

खेळाडू हेरायची त्यांची पद्धत टेंपोतूनच चालायची. दुकानापुढे गाडी हळू करायची आणि हाक न मारता पावाची लादी भिरकावायची. दोन्ही हातांनी छातीशी झेलली तर फिल्डर, एका हाताने झेलली तर स्लिपला, आणि तोंडावर बसली तर तो माणूस मामूंच्या लेखी संपला. माझी निवड अशीच झाली. मेडिकल नवीन टाकलं होतं, मी खोकल्याच्या बाटल्या लावत होतो, आणि बाजूच्या हॉटेलची लादी चुकून माझ्या काउंटरवर उडत आली. मी बाटल्यांच्या वरून ती अलगद धरली. मामू टेंपोतून खाली उतरले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मेडिकल, तू विकेटकीपर हाय." तेव्हापासून माझं नाव मेडिकल पडलं ते आजतागायत. ती लादी चुकून आली नव्हती हे मला फार उशिरा कळलं. नाक्यावर भाजी विकणारी सरूबाई मात्र माझ्याहून सरस होती. पाटी डोक्यावर असताना लादी झेलायची. मामू हळहळायचे, "काय करू गं सरू, लीगवाले ऐकत नाय."

झेल झाला की दुसरी परीक्षा सासुरवाडीची. मामूंचा ठाम सिद्धांत होता की जावई सासुरवाडीच्या मैदानावर खेळूच शकत नाही. "सासरी जावई मारत नाय. मारला तर घरी बायको मारते." आम्ही हसायचो. मग एकदा आमचा ओपनर, जो एरवी बांधापलीकडे बॉल घालवायचा, नेरळच्या मैदानावर पूर्ण डाव टुकूटुकू खेळत बसला. कारण विचारलं तर म्हणे, "तिकडं मामंजी हुबे होते. लागला असता त्यांना." त्या दिवसापासून मामू खेळाडूचं वय विचारायच्या आधी सासुरवाडी विचारायला लागले. लग्न झालेलं नसेल तर, "कुठं बगितलीय का?" यातून त्यांची अशी कीर्ती पसरली की एका आईने मुलीचा फोटोच टेंपोत आणून दिला. मामूंनी तो निमूट घेतला आणि खरंच एक लग्न जमवलं. फक्त नवरा मुलगा आमच्या संघातला नसेल याची काळजी घेतली.

तर ते वर्ष. पोशीर संघाचे कारभारी आप्पा, यांची भाताची गिरण आहे. लीग तोंडावर आली आणि त्यांचा विकेटकीपर मोटारसायकलवरून पडून मनगट मोडून बसला. आप्पा समाजमंदिरात मामूंच्या समोर मांडी घालून बसले. मी बाजूलाच होतो.

"मामू, भिवपुरीचा दिनेश देतो," आप्पा म्हणाले. "आमाला मेडिकल द्या."

बाकीचे कारभारी वळून बघायला लागले. दिनेश म्हणजे तालुक्यातला सगळ्यात फास्ट बोलर. त्याचा बॉल दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मी मनात हसलो. आता भजी येतील, मामू खातील, चहा येईल आणि कप परत जाईल.

चहा आला. मामूंनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कप उचलला आणि बशीत ओतून फुर्र करून प्यायले. वर आप्पांना म्हणाले, "अजून एक सांगा. ह्यो जरा कमी गोड हाय."

मी मेडिकलवाला. माझ्या डोळ्यांदेखत माझा पेशंट साखरेचे दोन चहा प्यायला, आणि तेही मला देऊन टाकायला. खोटं कशाला सांगू, मला फार लागलं. इतक्या वर्षांत ज्या माणसाने कुणासाठी पथ्य मोडलं नाही त्याने ते माझ्यासाठी मोडावं, आणि ते असं! बाहेर आल्यावर मामूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड पाडू नको रं. दिनेश तुज्या बदल्यात मिळतो म्हंजे तुजाच भाव वाढला का नाय?" मी हात झटकला. "चषक येऊ दे एकदा," ते हळू आवाजात म्हणाले, "मग वाटंल तेवढं रागव." आणि टेंपोत बसून गेले. ती हिरवी गादी त्यांनी जाता जाता हाताने पुसलेली मी पाहिली.

दिनेशने कळंबकडून खेळताना धुमाकूळ घातला. कळंब फायनलला गेलं. पोशीरही गेलं, त्यात थोडा माझाही हात होता. फायनल पोशीरच्या मैदानावर. मामूंनी टेंपो आधीच धुऊन, हार घालून आणला होता.

फक्त एक गोष्ट मामूंना माहीत नव्हती. आदल्या रविवारी दिनेशचा साखरपुडा झाला होता, आणि मुलगी होती आप्पांची. नाश्त्याच्या मिसळीचे पाव मामूंच्याच टेंपोतून गेले होते. अख्ख्या तालुक्याला सासुरवाडी विचारणाऱ्या माणसाने लाद्या उतरवताना नवरा मुलगा कोण एवढं विचारलं नाही.

शेवटची ओव्हर आली. पोशीरला थोडे रन हवे होते. बॅटिंगला आप्पांचा मुलगा, म्हणजे दिनेशचा होणारा मेव्हणा, आणि दुसऱ्या टोकाला मी. दिनेश लांबच्या बांधापासून धावत निघाला. समोर मंडपात आप्पांच्या घरची सगळी मंडळी बसलेली. होणारी सासू पदर सावरत होती आणि शेजारी नवरी मुलगी मान खाली घालून वर बघत होती. दिनेश धावता धावता हळू झाला, अजून हळू झाला, आणि बॉल असा आला की जणू कुणी हातात प्रसाद ठेवावा. माइकवर समालोचक ओरडला, "काय कमालीचा स्लोअर वन!" पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. मेव्हण्याने एक रन काढला आणि मला स्ट्राइक दिला. मी काही दिनेशच्या सासरचा नव्हतो, पण बॉल तेवढाच प्रेमळ आला. मी तो पार बांधापलीकडे घालवला. तो फटका दिनेशला नव्हता, त्या दोन कप चहाला होता.

मंडप नाचत होता. मी पाहिलं, मामू हार घातलेल्या टेंपोला टेकून एकटेच उभे होते. माझा राग जागच्या जागी उतरला. जवळ गेलो तेव्हा ते स्वतःशीच बोलत होते, "चहा पाजून दिला आन् साखरपुडा करून परत घेतला. दोन्ही टायमाला साखर त्यांचीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिक्स चांगला मारलास रं मेडिकल. माल आमचा हाय शेवटी."

तेवढ्यात आप्पा चषक घेऊन आले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "मामू, तुमी गाडी सजवून आणलीय. उद्यापर्यंत न्या, गावात फिरवा." मामूंनी चषकाकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. हात पुढे झालेलाही मी पाहिला. मग तो हात त्यांनी खिशात घातला. "उसना नको, आप्पा. जिंकून नेतो."

दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये लादी उडत आली. मी झेलली. "बग, हात अजून आमच्याकडंच हाय," म्हणत मामू आत आले. शुगर तपासली तर आकडा बघून मीच घाबरलो. "मामू, ही सगळी त्या दोन कपांची?" ते म्हणाले, "नाय रं, हारल्याची पण हाय त्यात."

पुढच्या वर्षी भिडू पाडताना पहिली चिठ्ठी मामूंची निघाली. अख्खा तालुका समोर, हवा तो उचला. मामू म्हणाले, "मेडिकल." समाजमंदिर हसून लोळलं. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, मला शेवटच्या पाळीलाही कुणी घेतलं नसतं. मी कानात म्हटलं, "मामू, पयला नंबर वाया घातलात." ते म्हणाले, "घालू दे. परत चहा प्यायची वेळ यायला नको." त्या वर्षी आमच्याकडे धड बॅट्समन उरले नाहीत आणि आम्ही पहिल्याच मॅचला घरी आलो. हरून इतका खूश मी कधी झालो नाही.

गेल्या पावसाळ्यात मामू गेले. नाक्यावर त्या सकाळी पाव आला नाही तेव्हाच सरूबाईने ओळखलं. दफनाला पोशीरचा सगळा संघ आला. दिनेशही आला, सासऱ्यांच्या बरोबर. टेंपो आता त्यांचा भाचा चालवतो. गादी तशीच आहे, अजून कुणी मोबाइल ठेवत नाही.

यंदा कळंबच्या जागेवर मी बसलो. चिठ्ठ्या काढायच्या आधी आप्पांनी टेबलावर चषक ठेवला. घसा खाकरला आणि म्हणाले, "आमचं ठरलंय. यंदा खेळ बाजूला. चषक कळंबला जाऊ दे, मामूच्या टेंपोतनं. त्याच्या नावानं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांचे डोळे भरले होते, माझेही. कुणीतरी चहा आणला आणि एक कप माझ्यासमोर ठेवला.

मी कप दोन बोटांनी परत सरकवला. "आप्पा," मी म्हटलं, "मला शुगर हाय."

क्षणभर कुणालाच कळेना. मग आप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि आपलाही कप बाजूला ठेवला. "बरं," ते म्हणाले, "काढा चिठ्ठ्या."

पहिली चिठ्ठी आमची निघाली. समोर दिनेश उभा होता, तालुक्यातला अजूनही सगळ्यात फास्ट बोलर. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी विचारलं, "आधी सांगा, फायनल कुठल्या मैदानावर हाय?"