लव्हडे मावशीचा निरोप

आमच्या कॉर्नवॉलच्या बंदरात वादळ झालं की बायका दाराशी येऊन उभ्या राहतात आणि वाट बघतात ती नवऱ्याची नव्हे, लव्हडे मावशीची. धक्क्यावर मासे साफ करणारी ही बाई. होड्या परतल्या की घरोघर निरोप तीच नेते. निरोप ठरलेला: सेफ अँड साउंड. बाकीचं इंग्लंड हे शब्द उठसूट वापरतं, साधं पार्सल पोचलं तरी सेफ अँड साउंड. आमच्याकडे ते चालत नाही. सेफ म्हणजे जीव वाचला. साउंड म्हणजे माणूस गेला होता तसा, अख्खा परत आला. मावशीने स्वतः हात लावून बघितल्याशिवाय दुसरा शब्द तिच्या तोंडून निघत नाही.

माझ्या नवऱ्याच्या वेळी ती नुसतं "सेफ" म्हणाली आणि थांबली. त्याचा पाय गेलाय, हे मला तिच्या थांबण्यातून कळलं. तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी आत निघून जाते. मला ती आवडत नाही, खोटं कशाला बोलू?

त्या नोव्हेंबरात तिचाच मुलगा पेट्रोक वादळात सापडला. होडीत तो आणि त्याचा मित्र किट्टो, दोघंच. ज्या घरचं माणूस समुद्रात अडकलंय, त्या घरच्या बाईने धक्क्यावर जायचं नाही, ही आमची रीत. म्हणून मावशी घरात बसून होती. शेजारधर्म म्हणून मी गेले, चहा केला. तो तसाच गार झाला.

"आज माझ्या दारात कोण येणार गं?" तिने विचारलं. तिला घाबरलेली बघून मला जास्तच भीती वाटली.

आला तो डेन्झिल, बचावबोटीवरचा. धापा टाकत म्हणाला, "मावशी, होडी बुडाली, पण तुझा पेट्रोक सेफ अँड साउंड."

"हात लावून बघितलंस?"

"अगं, चालत येतोय तो. स्वतःच्या पायांनी."

"मी काय विचारलं?"

डेन्झिल खाली बघायला लागला. "हात लावू देत नाही तो कुणाला."

"आणि किट्टो?"

डेन्झिलने टोपी काढली.

थोड्या वेळाने पेट्रोक आला. मावशीने त्याला खुर्चीत बसवलं आणि चाचपलं; डोकं, खांदे, बरगड्या, गुडघे. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. फक्त उजवी मूठ घट्ट मिटलेली. तिने ती उघडायला बघितली, उघडेना.

"बोल रे राजा. एरवी किती तोंड चालतं तुझं."

"माझ्या हातात होता, आई. मी सोडला."

"लाटेने नेला त्याला."

"माझ्या हातात होता, आई. मी सोडला."

तोच आवाज, तेच शब्द. तिसऱ्यांदाही तो तेच म्हणाला. तो आईकडे बघत होता, पण त्याला ती दिसत नव्हती.

बाहेर गल्ली जमली होती. मावशी उंबऱ्यात गेली, मी तिच्या मागे.

"सेफ," ती म्हणाली.

सगळे पुढच्या शब्दासाठी थांबले. तिने श्वास घेतलेला मला पाठीमागून कळला. मग तिने दार लावून घेतलं.