न विकलेल्या तिकिटाचा हार

"आधी पाठ बघा," असं म्हणून मावशी तिकीट उलटं करूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. पुढच्या बाजूला लक्ष्मी, सोन्याच्या राशी आणि डोळे फिरतील एवढी शून्यं. मागे मुंगीएवढ्या अक्षरात नियम. आता तुम्हीच सांगा, लॉटरीच्या तिकिटाची मागची बाजू कोण वाचतं? पण मावशींकडे वाचल्याशिवाय सुटका नव्हती. ज्याला वाचता यायचं नाही त्याला त्या स्वतः समजावून सांगायच्या.

कराडच्या एसटी स्टँडसमोर त्यांची लॉटरीची टपरी होती आणि तिला खेटून माझं हारफुलांचं दुकान. नवरा गेल्यावर टपरी त्यांच्याकडे आली. नातीचं इंजिनिअरिंगचं शिक्षण त्याच टपरीवर चाललं होतं. म्हणजे खरं तर त्यांनी गोड बोलून तिकिटं खपवायला हवी होती. छे! नाव काढू नका.

एकदा पाटणकडचा एक गडी आला. "मावशी, कोटीचं लागलं तर कोटी हातात येतंय न्हवं?"

"न्हाई. सरकार कर कापून घेतंय, उरंल ते तुझं. आन् ते पैसं आभाळातनं पडत न्हाईत बाबा. तुझ्यासारख्यांनीच तिकिटापायी दिल्यालं असत्यात."

"आन् न्हाई लागलं तर?"

"मग तुझं पैसं गेलं म्हण. परवडत आसंल तर घे, न्हाईतर चा पिऊन घरला जा."

तो हसत हसत दोन तिकिटं घेऊन गेला. मी म्हटलं, "मावशी, असं बोलून कुठं धंदा होतो व्हय?"

"आन् तू कालच्या फुलांवर पाणी मारून इकतोस, ती कालची हायती म्हणून सांगतोस का कुणाला?"

मी हातातली पाण्याची बाटली गुपचूप खाली ठेवली.

मग त्या वर्षी दिवाळीच्या बंपरचा निकाल लागला, आणि पहिल्या बक्षिसाचा नंबर मावशींच्या टपरीवर आलेल्या गठ्ठ्यातला निघाला! स्टँडभर बोभाटा झाला. दुसऱ्याच दिवशी डीलर चारचाकीतून उतरला. सगळ्या टपऱ्यांना तिकिटं पुरवायचा तो. माझ्याकडे आधी आला आणि विजेत्याच्या सत्काराला दुकानातला सगळ्यात मोठा हार सांगून गेला. मग मावशींना म्हणाला, "तुम्ही फक्त शेजारी उभं राहून हसायचं, बाकी माझ्याकडं लागलं. पुढच्या बंपरला दुप्पट तिकिटं देतो. नातीची फी भरायचीय न्हवं अजून?" मावशी दोरीला नवी तिकिटं चिमट्यांनी लावत राहिल्या.

तो गेल्यावर मी विचारलं, "कोण हो तो नशीबवान?"

"मलाबी बघायचाय," एवढंच म्हणाल्या.

सत्काराला हलगी आली, बॅनर लागला, रस्ता माणसांनी भरला. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस खुर्चीवर बसला होता. डीलरने माझा हार त्याच्या गळ्यात घातला, टाळ्या झाल्या आणि माइक मावशींकडे आला. "मावशी, दोन शब्द बोला."

मावशींनी पदर सारखा केला. माइक तोंडापासून हातभर लांब धरला होता, तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"ह्या दादांना मी आज पयल्यांदा बघतीया. ह्यांनी माझ्याकडनं तिकीट घेतल्यालं न्हाई. कुणीच घेतल्यालं न्हाई. ते तिकीट इकलंच न्हाई. शेवटपत्तूर दोरीला लटकत हुतं, उन्हानं त्येचा कोपरा पांढरा पडला हुता. सोडतीच्या आधी उरल्याली तिकिटं परत द्याची असत्यात, त्यात मी ते ह्या साहेबांच्या हातात दिलंय. बक्षीस कुणालाबी मिळाल्यालं न्हाई."

हलगीवाल्याची काडी वरच्या वर राहिली. अहो, मी पुढाऱ्यांची भाषणं ऐकलीत, साखर कारखान्याच्या चेअरमनना हार पुरवलेत, पण एवढ्या गर्दीसमोर स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही दुसरं पाहिलेलं नाही.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग बक्षिसाचं पैसं गेलं कुटं?"

"त्येच इचारा की!" मावशी म्हणाल्या. "निकालाच्या कागदावर निस्ता नंबर छापत्यात. तिकीट इकलं का परत आलं, तेबी छापा म्हणावं. बक्षीस दिलं का न्हाई, कुठनं दिलं, समदं लिवा म्हणावं. तिकिटाचं पैसं आपुन रोख देतोय, त्यास्नी सांगाया काय झालं?"

डीलर गाडीत जाऊन बसला. खुर्चीवरच्या माणसाने स्वतःच्या हाताने हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

माणसं पांगल्यावर मावशी तो हार घेऊन माझ्याकडे आल्या. "पाणी मार. उद्या इकला जाईल," म्हणाल्या, आणि वळता वळता, "पर कालचा हाय म्हणून सांग."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी मी खरंच तसं सांगितलं. हार निम्म्या किमतीत गेला.

डीलरने तिकिटं बंद केली. काही दिवस मावशी रिकाम्या चिमट्यांच्या दोरीखाली बसून राहिल्या. माणसं यायची, त्यांच्याशी बोलून जायची, पण विकायला काही नव्हतं. शेवटी टपरी विकून त्यांनी नातीची फी भरली आणि त्या इस्लामपूरला लेकीकडे राहायला गेल्या. टपरीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नात इंजिनिअर झाली, पुण्याला लागली. ते सांगायला मावशींनी मला फोन केला होता. आवाज एवढा मोठा, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. मी पहाटे उठून हार केला. शेवंती, निशिगंध, मध्ये गुलाब. पहिल्या एसटीने इस्लामपूरला गेलो. नातीने फोटो पुसून माझ्यापुढे धरला. खोलीत पाहुणे बसले होते. हार घालताना माझा हात थांबला.

"आजचा हाय, मावशी," मी म्हटलं. "पहाटंच केलाय."

पाहुणे माझ्याकडे बघत राहिले. मग मी हार घातला.