ज्या हातांनी मी चालतो

"ज्यावर चालतोस, त्याने ग्रंथाला शिवतोस?"

चिटणीस ओरडला आणि त्याने माझ्या हातातलं पुस्तक हिसकावलं. मी वाचनालयाच्या माडीवर, कपाटासमोर जमिनीवर बसलो होतो. तळहात फाटले होते. पुठ्ठ्याला माझं रक्त लागलं होतं. ते त्याने माझ्याच सदऱ्याला पुसलं.

मला पाय आहेत, पण नुसते लोंबतात. तान्हा असताना ताप आला, त्यात ते गेले. तेव्हापासून हातांवर चालतो, अंग मागून ओढत नेतो. बापाने जुन्या मचव्याची फळी तासून दोन ठोकळे करून दिले. ते मुठीत धरायचे, टेकवायचे, पुढे सरकायचं. आम्ही आगरी, खाडीकाठच्या मिठागरात राबणारी माणसं. मिठाची जमीन पायांनी तुडवून चोपावी लागते. तिथे मी काय कामाचा? बाप म्हणाला, "पाय न्हाईत तर शाळंत बस." असा आमच्या घरात मी एकटाच वाचायला शिकलो. शाळेतली पुस्तकं संपली तसा वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचू लागलो. तेही पुरेनात. नुसता जीव जळायचा.

मास्तरांच्या ओळखीने पेठेतल्या वाचनालयाची वर्गणी भरली. दादूसने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला पाठीवर घेऊन तिथवर आणलं. जिन्याच्या वरच्या टोकाला चिटणीस उभा होता.

"सभासद तू ना? मग तूच वर ये. पुस्तक सभासदाने स्वतः येऊन न्यायचं. बाकीच्यांना माडीवर मज्जाव आहे."

दादूस म्हणाला, "साहेब, त्याचं पाय चालत न्हाईत. मी वर ठेवतू नि लगेच खाली येतू."

"नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हणालो, "मना खाली ठेव, दादूस. मी जातू."

पहिल्या पायरीला ठोकळे टेकले तोच वरून हाक आली, "पादत्राणं खाली!" त्याचं बोट माझ्या ठोकळ्यांकडे होतं. मी ते खाली टाकले आणि उघड्या तळहातांनी चढलो. जिन्याच्या फळ्यांतले खिळे वर आले होते. एकेक हातात घुसत होता. वरून तो बघत होता.

माडीवर खादीच्या टोप्या बसल्या होत्या. एकजण वर्तमानपत्रातला मिठाच्या कायद्यावरचा लेख मोठ्याने वाचत होता. मिठावर म्हणे आपल्या सगळ्यांचा हक्क. माझा बाप त्या मिठात टाचा कुजवतो. त्याचा पोरगा दारातून सरपटत आत आला तर कुणी साधं सरकून जागा दिली नाही. मी कपाटाशी गेलो. हाताला आलं ते काढलं. दर्यावरच्या प्रवासाचं पुस्तक होतं. पहिलं पान उघडलं आणि चिटणीस ओरडला.

"हे हात नव्हेत, हे तुझे पाय," तो म्हणाला. "सरस्वतीला पाय लावतोस?"

"मग नेऊ कसं?"

"तोंडाने ने."

सगळे हसले. लेख वाचणाराही हसला. चिटणीसाने पुस्तक जमिनीवर टाकलं आणि पायाच्या अंगठ्याने माझ्यापुढे सरकवलं.

मी वाकलो. तोंड उघडलं. हो, उघडलं. पुस्तकाची एवढी हाव होती मला.

तेवढ्यात चिटणीसही वाकला. पुस्तकाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. ग्रंथाला पाय लागला की आपल्याकडे लहान पोरंही करतात, तसा नमस्कार. त्याला स्वतःला कळलंही नसेल. सवयच ती. त्याचा खराखुरा पाय लागला आणि एका नमस्काराने मिटलं. माझे हात मात्र जन्मभर पाय!

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली. हातांवर चालणाऱ्याची पकड असते ती. दात रोवले. तो किंचाळला, मी सोडलं नाही. तो मागे आदळला, कपाटाची काच त्याच्या डोक्यावर फुटली. मग काठ्या आल्या, छत्र्या आल्या, लाथा आल्या. कुणीतरी माझा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि त्यावर उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मला जिन्यावरून ढकललं. दादूस वर धावला, त्याचंही डोकं फोडलं. आम्ही दोघं रक्ताने भिजलेले रस्त्यावर पडलो होतो आणि वर खिडक्या लावून घेतल्या जात होत्या.

काल मास्तर घरी आले. भला माणूस. म्हणाले, "माफी लिहून दे. कमिटी शिपायाबरोबर पुस्तकं घरी पाठवायला तयार आहे. चिटणीसही फौजदाराकडे जाणार नाही."

आय रडत म्हणाली, "लिव रं बाबा. जीव वाचंल."

माझा हात बांबूच्या कामट्यांत बांधलाय. रात्रंदिवस ठणकतो. घरबसल्या पुस्तकं मिळतील हे ऐकून पुन्हा हाव सुटली, खोटं कशाला बोलू? पण मग कपाट माडीवरच राहणार. पुढचा लंगडा, पुढचा आंधळा असाच जिन्याखाली बसणार, आणि हे लोक त्याला सांगणार, तो बघ, त्याने माफी मागितली आणि सुखी झाला.

मास्तरांना म्हणालो, "लिहिणार नाही. त्यांना सांगा, कपाट खाली आणा. जो येईल त्याच्या हाताला लागेल असं ठेवा."

"आणि नाही आणलं तर?"

"हाड जुळलं की मी वर जाणार. कपाट ओढून जिन्यावरून खाली लोटणार. मधे कोण उभा राहतो ते त्यांनी ठरवावं."