मतांची मुदत

आपण चुकलो हे कळल्यावर एवढा आनंद होणारा माणूस आमच्या साडूशिवाय सबंध मुलुंडात दुसरा नसेल, आणि मी हे कौतुकाने लिहितो आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. संशय घ्यावा, पुरावा मागावा, स्वतःच्या समजुती उलटसुलट करून पाहाव्यात, हे पोरांना पोटतिडकीने सांगितलं. निवृत्तीनंतर त्याच विषयावर वाचनालयांतून व्याख्यानं दिली आणि घरात शालींचा ढीग लावला. या सगळ्या काळात माझं स्वतःचं एकही मत बदललं नाही. साडूने या विषयावरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. तो पेपरातलं राशिभविष्य तेवढं वाचतो, तेही शिळं, म्हणजे कालचं खरं ठरलं का ते आज पाहायला. आणि मतं मात्र लोक बनियन बदलतात तितक्या सहज बदलतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून त्याला मान द्यावा लागतो, तेवढं मी सोसलं असतं. पण "तुम्ही व्याख्यानं देता, भावोजी करून दाखवतात," हे वाक्य ऐकत पार्ल्यातल्या दोन खोल्यांत संसार करणं सोपं नसतं.

त्याची सगळी नोकरी औषधांच्या एका कारखान्यात गेली. तिथे प्रत्येक घाण्यातल्या थोड्या गोळ्या कपाटात जपून ठेवायच्या आणि ठराविक महिन्यांनी काढून पुन्हा तपासायच्या, हे त्याचं काम. याला ते लोक रीटेस्ट म्हणतात. निवृत्त झाल्यावर कपाट कारखान्यात राहिलं आणि सवय घरी आली. समोरच्याने कुठलंही मत मांडलं की साडू आधी त्याची तारीख विचारतो. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत." साडूने जिलबी खाली ठेवली.

"हे मत कधीचं?"

"कधीचं म्हणजे?"

"म्हणजे तयार कधी झालं? तुमचं स्वतःचं, की कुणाकडून आलं?"

गृहस्थांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तसं मी नोकरीला लागलो ना, तेव्हा आमचे साहेब म्हणायचे."

"मग ते तुमच्याविषयी होतं," साडू म्हणाला आणि त्याने जिलबी पुन्हा उचलली. गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. मी असं काही बोललो असतो तर मुलीकडच्यांनी मला पुढच्या कार्याला बोलावलं नसतं. त्या गृहस्थांनी मात्र जाताना साडूचा फोन नंबर मागून घेतला.

दुसऱ्यांच्या मतांना हात घालणारे पुष्कळ असतात. याची पंचाईत अशी की हा स्वतःचीही सोडत नाही. आपल्याला कारलं आवडत नाही, अशी त्याची लहानपणापासून समजूत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला वाटलं की हे मत घेतलं तेव्हा आपण सात-आठ वर्षांचे होतो, त्या वयाच्या पोराचा शब्द इतकी वर्षं का मानायचा? कारलं केलं गेलं. त्याने एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. "पन्नास वर्षांची कारली गेली रे," तो मला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच सुतक होतं. तेव्हापासून त्या घरात रविवारी मासळीबरोबर कारलंही असतं. मालवणी माणसाच्या घरात याहून मोठी क्रांती मला तरी माहीत नाही. एकदा आपण बरं गातो या मताची त्याला शंका आली. त्याने सगळ्या नातेवाइकांना बोलावलं, दोन अभंग म्हटले आणि चिठ्ठ्या टाकायला लावल्या. निकाल एकमुखी लागला. पण त्याचं तोंड पडलं नाही. "बरा झाला, आता रियाज वाचलो," म्हणत त्याने सगळ्यांना खरवस वाढला, आणि ज्यांनी त्याच्या गाण्यापायी सोसायटीच्या सत्यनारायणाला यायचं सोडलं होतं तेही पुढच्या वर्षापासून येऊ लागले.

वीस वर्षं तो एका जुन्या साहेबाला शिव्या देत असे. या माणसाने मुद्दाम आपली बढती अडवली, असं त्याचं पक्कं मत. एका सकाळी उठून तो चेंबूरला त्या साहेबाच्या घरी गेला आणि सरळ विचारून आला. साहेबाने त्याला ओळखलंच नाही. मनाला लागण्यासारखी गोष्ट, पण हा परत आला तो हसत. "त्याच्या डोक्यात मी नव्हतोच रे प्रोफेसर. सगळा माल माझ्याच कपाटात पडून होता." ज्युनियर कॉलेजात प्रोफेसर नसतात. ही त्याची एकच चूक मी कधी त्याच्या नजरेला आणून दिली नाही. चूक कबूल केली की माणसाची किंमत उतरते, असं मी मानत आलो होतो. याची वाढतच गेली. माझी बायको आजारपणातली औषधं त्याला विचारून घेई, आणि मुलगी तर लहानपणापासून आधी काकांकडे जाई, मग मला कळे.

या मुलीवर माझा मोठा भरवसा. ती माझ्यावर गेलेली. तिने माझाच विषय घेतला, घाटकोपरच्या एका कॉलेजात तोच शिकवू लागली, आणि दर गुरुवारी फोनवर मी "आज काय शिकवलंस?" विचारलं की "तेच रे बाबा, नेहमीचं," म्हणायची. गेल्या वर्षी एका रविवारी जेवण झाल्यावर साडूने मला गॅलरीत नेलं.

"प्रोफेसर, तुझ्या पोरीने नोकरी सोडली. चार महिने झाले."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. सोडायच्या आधी आली होती. मढला ते शूटिंगला भाड्याने देतात ना बंगले, त्यातला एक सांभाळते."

"आणि तू चार महिने गप्प बसलास?"

"बसलो. माझं मत होतं की तुला झेपणार नाही. काल पुन्हा तपासलं तर त्याला आधारच नाही. तुला मी कधी विचारलं होतं? मग तिला फोन केला, म्हटलं आता सांगतो. ती म्हणाली, बरं होईल, तुम्हीच सांगा." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "झेपतंय का?"

मी म्हणालो, "ती माझ्यावर गेलीय. शिकवल्याशिवाय राहूच शकणार नाही." आता हा तारीख विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं: ती सात वर्षांची असल्यापासून. रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसायची तेव्हापासून. त्याने काही विचारलं नाही. नुसता शेजारी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला सोडून दिलं, आणि त्याचा मला आला तेवढा राग त्याच्या सगळ्या प्रश्नांचा मिळून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्सोव्याहून बोटीने मढला गेलो. बंगल्याच्या दारात झेंडूची तोरणं होती, आत खुनाची तयारी चालू होती. मुलगी शिडीवरच्या सुताराला सांगत होती, "दादा, खिळा नको मारू, भिंत खरी आहे." मग तिने मला पाहिलं. सुताराला म्हणाली, "चहा पिऊन ये," आणि ओढणीला हात पुसत राहिली. येताना बोटीत मी चार मुद्दे काढले होते. त्यातला एकही आठवेना.

"तुला तो विषय कधी आवडलाच नाही का गं?" मी विचारलं.

"मला वाटायचं आवडतो," ती म्हणाली. "वर्गात उभी राहायला लागले तेव्हा कळलं. बाबा, मला विषय नव्हता आवडत. तू समजावून सांगायचास ना, तेव्हा तुझा चेहरा कसा व्हायचा, ते आवडायचं. तो चेहरा तिथे नव्हता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू वाद जिंकला असतास."

हे खरं होतं. मी जिंकलो असतो, आणि ती आज घाटकोपरला वर्गात उभी असती. मी शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसलो. तिने चहा आणला आणि हळूहळू बोलू लागली: सकाळी इथे लग्न कसं लागतं, दुपारी त्याच मांडवात प्रेत कसं ठेवतात, खोट्या रक्ताचे डाग कशाने निघतात, कुठला नट खरोखर रडतो. बोलताना तिचा चेहरा एका विशिष्ट तऱ्हेने होत होता. मी तो पाहत होतो. बऱ्याच वेळाने ती थांबली आणि हसून म्हणाली, "काका आले ना, की तेही नेमके याच खुर्चीत बसतात."

म्हणजे तो इथेही आधी येऊन गेला होता, आणि एकदाच नव्हे. उठून दुसरीकडे बसावं, असं माझ्या मनात आलं. पण ती पुढचं सांगू लागली होती, आणि तिथून तिचा चेहरा चांगला दिसत होता.