आग्र्याचा शुक्रवार

फोन आला तेव्हा शुक्रवार होता आणि मी अल कुसैसच्या आमच्या खोलीत बादलीत कपडे बुडवत होतो. डोंबिवलीचा नंबर पाहिला आणि वहिनींना बोलूच दिलं नाही. "काय वहिनी, पाहिला का एकदाचा ताज?" पलीकडून त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊजी. हे गेले. पहाटे." माझ्या गाढवपणांची यादी लांबलचक आहे, पण हे वाक्य आता सगळ्यांत वर.

प्रभाकर सामंत बावीस वर्षं आखातात ड्राफ्ट्समन होता, त्यातली अकरा माझा रूममेट. फॅमिली व्हिसा मिळण्याइतका पगार कधी झाला नाही, म्हणून वहिनी डोंबिवलीत आणि हा इथे. दोन वर्षांतून एकदा महिनाभर रजा, ती गळक्या स्लॅबमध्ये आणि नातेवाइकांच्या लग्नांत संपायची. वहिनींना ताजमहाल दाखवायचा शब्द त्याने नव्या नवलाईत दिलेला, तो दर रजेला पुढे जायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या रजा एकत्र आल्या आणि मी जाहीर केलं, यल्ला, चला, सगळं माझ्याकडे. खोलीतली प्रत्येक नादुरुस्त वस्तू मी हातात घेऊन कायमची बिघडवत असे, म्हणून सामंत मला मॅनेजर म्हणायचा. तरी त्याने विश्वास ठेवला. गाड्या, हॉटेल, तारीख, सगळं मी ठरवलं. वार शुक्रवार. इतकी वर्षं सुट्टी शुक्रवारी, फिरणं शुक्रवारी. दुसरा वार डोक्यातच आला नाही. आग्र्याचा रिक्षावाला आमच्या तोंडाकडे बघत राहिला. "साहब, आज जुम्मा है. ताज तो बंद."

रात्री मुंबईची गाडी होती आणि रविवारी सामंतचं विमान. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "मॅनेजर, किल्ला तरी उघडाय का?"

किल्ला उघडा होता. लाल दगडाचे दरवाजे, आत संगमरवरी महाल, आणि दोघांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागून मी. यमुनेकडच्या बुरुजात गाइडने सांगितलं की मुलाने शहाजहानला इथेच कैदेत ठेवलं, आणि म्हातारा आठ वर्षं इथून ताज बघत राहिला. नदीत पाणी थोडं, वाळू फार. वळणापलीकडे ताज, धुरकट, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"आठच?" सामंत म्हणाला.

वहिनी हसल्या, मग हसता हसता थांबल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. गाइड पुढे निघून गेला होता. सामंत वहिनींकडे न बघता म्हणाला, "आणि याला निदान दिसत तरी होतं गं." मी उगाच बाटलीचं झाकण उघडत आणि लावत उभा...

परतल्यावर मी त्याला शहाजहान म्हणू लागलो. कारणही होतं. शुक्रवारी जेवण झालं की तो खिडकीशी खुर्ची ओढून विमानं बघत बसायचा आणि त्यातलं मुंबईचं कुठलं ते अचूक सांगायचा. मी पैज लावायचो आणि हरायचो. या जानेवारीत तो खलास, नोकरी पुरे, म्हणून कायमचा घरी निघाला. जाताना त्याने बजावलं, "आता ताज शनिवारी बघणार आणि वार मी ठरवणार." खुर्ची मला दिली, वर ताकीद, "हलवू नकोस, कोन बरोबर बसलाय." त्यानंतर पाच आठवड्यांनी तो फोन.

मागच्या आठवड्यात वहिनी पुन्हा बोलल्या. रजेत आलात की मला आग्र्याला न्या, म्हणाल्या. मी घाईघाईने म्हटलं, शुक्रवार नक्की टाळतो. "ताज नको, भाऊजी. हे उभे होते ना, तिथे जायचंय. किल्ला काय, रोज उघडा असतो. वार कुठलाही धरा."

काल पुन्हा शुक्रवार. कंपनीने अजून दुसरा माणूस खोलीत दिलेला नाही. जेवलो, भांडी घासली आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसलो. कोन खरंच बरोबर आहे. एक विमान छतांवरून वर चढलं. मी सवयीने म्हटलं, मुंबईचं... आणि बराच वेळ वाट बघितली, कोणी चूक म्हणतंय का.