ज्याची हरकत, त्याचं बोलणं

आमच्या वस्तीमागचं मैदान शहराच्या नकाशात खेळासाठी राखून ठेवलेलं होतं. मी कॉलेजात होते तेव्हा पेपरात एक नोटीस आली. इतवारी बाजारातल्या एका धान्य व्यापाऱ्याला तिथं गोदामं बांधायची होती, म्हणून मैदानाचं आरक्षण उठवावं असा प्रस्ताव होता. कोणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी, असं खाली छापलं होतं.

मी ती आईला वाचून दाखवली. वस्तीतल्या मुली त्या मैदानावर कबड्डी खेळायच्या, लग्नांचे मांडव तिथंच पडायचे, बुद्धजयंतीची सभाही तिथंच. आई गिरणीतून आल्यावर घरोघर फिरली. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करू, असं मी सुचवलं, ते तिला पटलं नाही. मग प्रत्येकीचं म्हणणं तिच्याच शब्दांत मी वेगळ्या कागदावर लिहिलं. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला.

सुनावणीला आम्ही सगळ्या गेलो. समोर अधिकारी, भिंतीवर नकाशा, एका बाजूला व्यापाऱ्याचा वकील. सगळ्या हरकती सारख्याच आहेत, तेव्हा एकीनंच बोलावं, असं अधिकारी म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी उठले. आईनं मनगट धरून मला खाली बसवलं.

"साहेब, बोलावणं सगळ्यायले आलं," ती म्हणाली. "मंग एकीनंच काहून बोलायचं?"

दुसरीही प्रकरणं आहेत, एवढा वेळ नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मंग उद्या बोलवा. आम्ही उद्या बी येतो."

आवाज चढला नव्हता, पण ती खालीही बसली नाही. अधिकारी कारकुनाशी काही बोलले आणि एकेकीचा पुकारा सुरू झाला. कोणी गल्लीत शिरणाऱ्या ट्रकांबद्दल बोललं, कोणी मांडवाबद्दल. शेजारची म्हातारी एवढंच म्हणाली, "मले मंजूर नाही. लिहा." कारकुनानं लिहिलं. या बायांना कोणीतरी पढवून आणलंय, असं वकील म्हणाला, तेव्हा आई वळली.

"पोरीनं लिहून देल्लं. हरकत आमचीच हाये."

निकाल त्या अधिकाऱ्यांच्या हातात नव्हता. त्यांचा अहवाल सरकारकडे जायचा होता. वर्ष उलटून गेल्यावर कळलं, मैदान राहिलं, फक्त रस्त्याकडेची पट्टी दुकानांसाठी सुटली. वस्तीत पेढे वाटले. आईनं मला पट्टीविरुद्ध हरकत लिहायला बसवलं. मुदत कधीच संपली, आता कोणी बोलावणार नाही, असं मी सांगून पाहिलं.

"नको बोलवू दे. तू लिही."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही, दुकानं उभी राहिली. आईनं तिथून कधी काही घेतलं नाही. मीठसुद्धा ती लांबच्या बाजारातून चालत जाऊन आणायची.